विश्वास नंतर, आधी हिशोब

(युवक शिबिरात झालेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची ढब मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय 'डॉक्टर आणि रुग्ण : ढासळता विश्वास'. विषय बरा आहे. पेपरांच्या रविवारच्या पुरवण्यांत यावर अधूनमधून लेख येतच असतो. लिहिणारा बहुधा मोठा डॉक्टर. तो लिहितो, पूर्वी फॅमिली डॉक्टर असायचा. रात्री-अपरात्री बॅग घेऊन घरी यायचा. आजोबांच्या खाटेशी बसायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा, पैशाचं नाव काढायचा नाही. आता ते दिवस गेले. आता रुग्ण संशय घेतो, नातेवाईक हात उचलतात, वगैरे वगैरे.

हे वाचून मला एवढंच विचारावंसं वाटतं, की बाबा रे, हा डॉक्टर कुणाच्या घरी यायचा? कुणाच्या आईच्या हातचा चहा प्यायचा? महारवाड्यात येत होता? मांगवाड्यात? मेहतरांच्या चाळीत?

एक गोष्ट सांगतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ती नोंदवून ठेवलीय. मूळ पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापलं गेलं होतं. काठेवाडातल्या एका गावात अस्पृश्य समाजातला एक शाळामास्तर. शिकलेला, पगारदार माणूस. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. श्वास लागेना. मास्तर डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, तुमच्या वस्तीत मी पाय ठेवणार नाही. मग गावचा नगरशेठ आणि दरबार यांचा वशिला लावला. दोन रुपये फीला शेठ जामीन राहिला. तेव्हा डॉक्टर आला, पण वस्तीच्या बाहेर. ओली बाळंतीण, तिचं तान्हं पोर, दोघांना उचलून वस्तीबाहेर आणावं लागलं. डॉक्टरने थर्मामीटर काढला. तो दिला एका मुसलमानाच्या हातात. मुसलमानाने दिला मास्तरच्या हातात. मास्तरने लावला बायकोला. परत त्याच वाटेने थर्मामीटर मागे. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. औषध पाठवलं. पुढं तब्येत बिघडली तेव्हा दोन रुपये फी मोजूनसुद्धा तो बघायला आला नाही. बाई मेली.

आता या मास्तरला सांगा, की डॉक्टर-रुग्णातला विश्वास अलीकडे ढासळला म्हणून! ढासळायला आधी भिंत उभी असावी लागते. आपल्या वाट्याला ती भिंत आलीच नव्हती. त्यांच्याकडे जे आज घडतंय त्याला ते संकट म्हणतात. आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्याला कुणी नाव दिलं नाही.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. 'ॲलोपथी आपली दुश्मन, डॉक्टर तेवढे चोर' असा निष्कर्ष काढून कुणी घरी गेला, तर मी फुकट बोललो असं होईल. कारण आधुनिक वैद्यक आपल्याला हवंच आहे, इतर कुणाहीपेक्षा जास्त हवं आहे. गावकी सोडून मुंबईला आलेल्या आपल्या आज्या-आजोबांना म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नंबराची चिठ्ठी मिळाली. त्या चिठ्ठीवर आकडा होता. गावात ज्याला पाणवठ्यावर उभं राहता येत नव्हतं तो इथं रांगेत उभा राहिला, पुढच्याला चिकटून. जंतू जात विचारत नाही, पेनिसिलिनही विचारत नाही. या विज्ञानावर आपला हक्क आहे. तो हक्क चिडून सोडायचा नाही. म्हणून भांडण औषधाशी नाही, औषध ज्या हातांतून आपल्यापर्यंत येतं त्या हातांच्या साखळीशी आहे. ही साखळी आज बघायची.

आधी थोडं मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकार घराघरांत घुसून रोगी उचलायला लागलं. नेलेला माणूस परत दिसेना. २९ ऑक्टोबर १८९६ ला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले, मोडतोड केली. साहेबांनी आणि आपल्याकडच्या शहाण्यांनी म्हटलं, अडाणी लोक, यांना विज्ञान कळत नाही. म्हणजे पाहा, 'रुग्णांचा विश्वास उडाला' ही ओरड सव्वाशे वर्षांची आहे, आणि तेव्हाही दोष रुग्णाच्या डोक्यालाच दिला होता.

त्याच प्लेगात, पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी दवाखाना काढला. दवाखान्यात औषध काय होतं? प्लेगवर तेव्हा फारसं औषधच नव्हतं. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाडांचं पोर प्लेगने पडलं. सावित्रीबाईंनी ते पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

साथ एकच, काळ एकच. एकीकडे लोक हॉस्पिटल फोडतात, दुसरीकडे त्याच लोकांतले आईबाप लेकराला दवाखान्यात नेऊ देतात. लोक तेवढेच अडाणी होते ना? मग फरक कशात पडला? न्यायला कोण आलं आणि कसं आलं, यात पडला. काठेवाडच्या डॉक्टरकडे थर्मामीटर होता आणि विश्वास शून्य. सावित्रीबाईंकडे पाठ होती. विश्वास कुणाच्या डिग्रीत नसतो आणि रुग्णाच्या अकलेतही नसतो. समोरचा आपला जीव आपल्याच जिवाइतका मोलाचा धरतो की नाही, हे माणसाला कळतं. अंगठेबहाद्दर म्हातारीलाही कळतं. तिला तर जास्त कळतं.

बरं, स्वातंत्र्यानंतर काय झालं? आपल्या लोकांनी खरोखर विश्वास टाकला होता. पोरांना लशी टोचून घेतल्या. बाळंतपणं हॉस्पिटलात केली. टाकलेल्या विश्वासाचं पुढं काय केलं, त्याचे तीन दाखले देतो.

पहिला दाखला आणीबाणीचा. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांवर नसबंदीची ऑपरेशनं झाली. कोटा ठरवून दिलेला. मास्तरला कोटा, तलाठ्याला कोटा, डॉक्टरला कोटा. कुणाला पकडलं? बंगल्यात राहणाऱ्याला? झोपडीतल्याला, भूमिहीनाला, फुटपाथवरच्याला. त्या दिवसापासून वस्तीत पांढरी जीप शिरली की पोरं पळायला लागली. नंतर कित्येक वर्षं लस घेऊन येणाऱ्या नर्सबाईलाही लोक दार लावून घ्यायचे. आणि पुन्हा शेरा तोच, लोक अडाणी.

दुसरा दाखला १९८६ चा. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल. मेंदूवरचा, डोळ्यातला दाब उतरवायला ग्लिसरॉल देतात. ते पाजलं आणि १४ माणसं मेली. बाटलीत भेसळ होती, डायएथिलिन ग्लायकॉल नावाचं कारखान्यातलं विष. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आयोगाने एकेक पडदा उचलला. औषध कसं खरेदी झालं, कुणी पास केलं, अन्न व औषध प्रशासनात काय चालतं, मंत्र्यांच्या केबिनपर्यंत धागा कसा जातो. अहवाल १९८८ मध्ये बाहेर आला आणि आरोग्यमंत्र्याला खुर्ची सोडावी लागली. आता लक्ष द्या. रुग्णाच्या तोंडात औषध घालणारा हात कुणाचा होता? नर्सचा. लिहून देणारा हात? वॉर्डातल्या डॉक्टरचा. पण विष त्यांनी कालवलं नव्हतं. विष वरून खाली आलं होतं, सहीशिक्क्यासकट.

आणि हे १९८६ मध्येच संपलं असं समजू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याचं सिरप पिऊन वीसहून जास्त लेकरं गेली. विष तेच. डायएथिलिन ग्लायकॉल. जवळपास चाळीस वर्षांनी तेच विष, तोच ढिसाळपणा. आधी अटक कुणाला झाली? सिरप लिहून देणाऱ्या तिथल्या डॉक्टरला. कंपनीचा मालक त्यानंतर. त्या डॉक्टरचं चुकलं की नाही ते कोर्ट ठरवील. मला दाखवायचाय तो क्रम. रुग्णाला डॉक्टर दिसतो, म्हणून राग डॉक्टरवर. फॅक्टरी दिसत नाही, इन्स्पेक्टर दिसत नाही, टेंडर दिसत नाही.

तिसरा दाखला बाजाराचा. १९८३-८४ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित मेडिकल कॉलेजं निघाली. पुढाऱ्यांनी काढली. साखर कारखाना असतो तसं मेडिकल कॉलेज. देणगी मोजा, सीट घ्या. कॅपिटेशन फीविरोधी कायदा १९८७ मध्ये झाला, तरी पैसा मागच्या दाराने चालूच राहिला. देशभरच्या डॉक्टरांवर नजर ठेवायला जी मेडिकल कौन्सिल होती, तिच्या अध्यक्षालाच एप्रिल २०१० मध्ये सीबीआयने लाचेच्या आरोपाखाली अटक केली. ती कौन्सिल गेली, २०२० मध्ये नॅशनल मेडिकल कमिशन आलं. पाटी बदलली. पण ज्या पोराच्या बापाने सीटसाठी लाखो-कोटी ओतले, तो पोरगा डॉक्टर होऊन बाहेर पडतो तेव्हा समोर बसलेल्या माणसात त्याला काय दिसणार? वसुली दिसणार. मग कट सुरू. हा त्याच्याकडे पाठवतो, तो याला टक्के देतो. लॅबचे टक्के, स्कॅनचे टक्के. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला. मसुदा फायलीत राहिला.

या बाजाराचा चेहरा बघायचा असेल तर बीडला जा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने फडात राबायचं. पहाटे उठायचं, डोक्यावर मोळ्या वाहायच्या. एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळीत आडोसा नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. बाई डॉक्टरकडे जाते. डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाक. बाई घाबरते. पुन्हा उचल घेते आणि पिशवी काढते. चांगली पंचवीस-तीस वर्षांची बाई! बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे दर सहा बायकांमागे एक.

आता सांगा, या बायकांचा डॉक्टरवर विश्वास कमी होता का? होता म्हणून तर त्या टेबलावर झोपल्या! नवऱ्याचं ऐकलं नसेल, सासूचं ऐकलं नसेल, पण डॉक्टरचं ऐकलं. तो शिकलेला, त्याला कळतं. माझं म्हणणं इथं आहे. आंधळा विश्वास गरिबाला अविश्वासाइतकाच महाग पडतो. म्हणून 'विश्वास वाढवा, विश्वास वाढवा' ही जी गोड भाषा आहे ना, ती मला पटत नाही. देवळातला भटही हेच सांगत होता, विश्वास ठेव, प्रश्न विचारू नको. बाबासाहेबांनी आपल्याला त्या उंबऱ्यातून बाहेर काढलं ते दवाखान्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकायला नाही. आपल्याला हिशोब हवा. माझ्या शरीरात काय बिघडलं, तू काय करणार, का करणार, न केलं तर काय होईल, पैसे किती लागतील आणि चुकलं तर जबाबदार कोण. एवढा हिशोब मांडला की विश्वास आपोआप येतो. नाही आला तरी बिघडत नाही, उपचार तर नीट होईल.

आणि हिशोब मागायचा अधिकार कुणाला, हाही जात-वर्गाचाच प्रश्न आहे. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता खटल्यात निकाल दिला की डॉक्टरची सेवाही या कायद्याखाली येते. पेशंट ग्राहक झाला. मध्यमवर्गाने स्वागत केलं, डॉक्टरांच्या संघटना चिडल्या. पण निकालात एक फट आहे. जिथं काहींकडून पैसे घेतात आणि गरिबावर फुकट उपचार करतात, तिथं तो गरीबही ग्राहक. पण जिथं सगळ्यांनाच फुकट, तिथला रुग्ण ग्राहक नाही. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले म्हणूनही नाही. म्हणजे ग्राहक कोर्टाचं दार पैसेवाल्याला उघडं, आणि ज्याच्याकडे सरकारी दवाखान्याशिवाय दुसरी वाटच नाही त्याला बंद. पंधरा ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट केले. चांगलं केलं. पण फुकट म्हणजे उपकार, आणि उपकाराला हिशोब विचारायचा नसतो, ही समजूत तिथल्या खिडकीवर बसलेल्याच्या डोक्यात पक्की आहे. आपल्याही डोक्यात आहे. अरे, फुकट कुठलं? माचिसच्या पेटीपासून मसाल्यापर्यंत आपण टॅक्स भरतोय. २०२१-२२ मध्ये सरकारांनी सगळे मिळून आरोग्यावर केलेला खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या त्यांच्याच धोरणात २.५ टक्के लिहिलं होतं. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. दागिने गहाण टाकून भरला. आणि म्हणे फुकट.

ग्राहक कोर्ट नसलं तरी घटना आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालात हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार. एका सरकारी हॉस्पिटलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सगळीकडे एकच उत्तर, बेड नाही. शेवटी खासगीत पैसे भरून जीव वाचवला. त्याची खेतमजूर संघटना गप्प बसली नाही, थेट सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ मध्ये कोर्टाने सांगितलं, जीव वाचवणारा उपचार वेळेवर न देणं हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सरकारची सबब चालणार नाही. पंचवीस हजारांची भरपाई द्यायला लावली. एका शेतमजुरासाठी संघटना उभी राहिली आणि देशभरच्या गरिबांना हत्यार मिळालं. हे लक्षात ठेवा, कारण आता मी जे बोलणार आहे ते तुम्हाला झोंबणार आहे.

वस्तीत कुणी हॉस्पिटलात दगावला की आपण काय करतो? फोन फिरतो, पन्नास-साठ पोरं जमतात, कॅज्युअल्टीत घुसतात. काच फुटते. समोर जो पांढऱ्या कोटातला सापडेल त्याची कॉलर धरतात. दुसऱ्या दिवशी वस्तीत सांगत फिरतात, 'आज डॉक्टरला लई हाणला.' त्याला आपण लढाऊपणा म्हणतो.

दोस्तांनो, तो लढाऊपणा नाही. कुणाला हाणला ते बघितलं का? मध्यरात्री कॅज्युअल्टीत मोठा डॉक्टर नसतो. डीन नसतो, मंत्री नसतो, सप्लायर नसतो. असतो तो रेसिडेंट, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, तुमच्याच वयाचा. १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय, सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको, आठवड्याला ४८ तास. प्रत्यक्षात पोरगं चोवीस-छत्तीस तास उभं असतं. व्हेंटिलेटर नाही, सलाइन संपलंय, बाहेरून आणा म्हणून सांगायची पाळी त्याच्यावर. ज्या गिरणीत तुमचा आजा पिळून निघाला, तशाच गिरणीत हा पिळून निघतोय. आणि त्यातला एखादा आपलाच असतो, राखीव जागेवरून आलेला, आईने धुणीभांडी करून शिकवलेला.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याला जमावाने एका निवासी डॉक्टरला मारलं, डोळ्याला जबर इजा झाली. राज्यभर हजारो निवासी डॉक्टर कामावरून उठले. कितीतरी दिवस ओपीडी बंद. नुकसान कुणाचं झालं? पंचतारांकितात जाणाऱ्याचं? आपलं झालं. आणि सरकारचं काम सोपं झालं. २०१० चा कायदा आहेच, डॉक्टरवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. पोरं आत, केस चालू, मेलेल्याचा प्रश्न कुणाच्या ध्यानातही नाही. तुम्ही काच फोडली की त्यांना हिशोब देण्यातून सुटका मिळते. तुमच्या एका दगडाने त्यांची सगळी फाईल साफ होते.

नांदेड आठवा. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या हॉस्पिटलात २४ तासांत १८ मृत्यू झाले होते. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात. लोक संतापले आणि संतापायलाच पाहिजे होतं. तेव्हा ३ ऑक्टोबरला सत्ताधारी पक्षाचा खासदार कॅमेरे घेऊन गेला. त्याने औषधाचा साठा विचारला असता, रिकाम्या जागा मोजल्या असत्या तर मी सलाम केला असता. त्याने काय केलं? प्रभारी अधिष्ठात्याच्या हातात झाडू दिला आणि संडास साफ करायला लावला. पुढं त्या खासदारावर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा नोंदला गेला. बघा, कशी आहे ही व्यवस्था! लेकरं मेली त्याचा हिशोब मागायची वेळ आली तेव्हा हिच्या डोक्यात शिक्षा कुठली आली? झाडूची. संडासाची. म्हणजे आपल्या माणसांचं रोजचं काम ही यांच्या लेखी शिक्षा. आणि तो व्हिडिओ बघून आपल्यातल्याही काहींनी 'बरं झालं, डॉक्टरची जिरवली' म्हणून तो पुढं पाठवला. जिरवली कुणाची, ते तरी बघायचं होतं.

आणि पायल तडवी विसरू नका. जळगावकडची तडवी भिल्ल आदिवासी पोरगी. मुंबईला महापालिकेच्या मेडिकल कॉलेजात स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला. जातीवरून छळ केला म्हणून तीन सीनियर डॉक्टरांना अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं. एका डॉक्टरला तिच्याच वॉर्डात माणूस म्हणून जगू दिलं नाही, तिथं खाटेवरच्या रुग्णाचं काय होत असेल? डॉक्टर-रुग्णाच्या विश्वासावर परिसंवाद घेणाऱ्यांनी आधी डॉक्टर-डॉक्टरमधली जात काढून दाखवावी. पायल जगली असती तर कितीतरी बायकांना ती आपली वाटली असती. तिला आपल्यापासून हिरावलं, ही विश्वासाचीच हत्या आहे.

मग करायचं काय? हात बांधून बसायचं? छे. हात दुसरीकडे लावायचा. हे लिहून घ्या.

एक. प्रत्येक वस्तीत दोन पोरं, दोन पोरी असे चारजण तयार करा, जे दवाखान्याचा कागद वाचू शकतात. कुणी ॲडमिट झालं की त्यातला एक सोबत जाईल. दमदाटी करायला नाही, शांतपणे विचारायला आणि वहीत लिहायला. किती वाजता आणलं, कुणी तपासलं, काय सांगितलं, काय बाहेरून आणायला लावलं.

दोन. केसपेपर मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्डची प्रत दिली पाहिजे. मागणी लेखी करा, पोच घ्या. हजार घोषणांना जे जमत नाही ते एका पोचपावतीला जमतं.

तीन. धर्मादाय हॉस्पिटलं. नाव ट्रस्टचं, जमीन सवलतीची, कर माफ, आणि दारात गुरखा. हायकोर्टाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बलांना निम्म्या दरात. जीव धोक्यात असेल तर आधी दाखल करायचं, अनामतीसाठी अडवायचं नाही. पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला घेऊन उभे राहा. नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्त. खासगी नर्सिंग होमांना २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दर लावावे लागतात. जा, भिंतीवर आहेत का बघा.

चार. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. तुमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात डॉक्टरांच्या, नर्सच्या किती जागा मंजूर, किती भरलेल्या, कुठलं औषध किती महिने संपलेलं, विचारा. आलेलं उत्तर मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहून वस्तीच्या नाक्यावर लावा. मग मोर्चा काढा, नगरसेवकाकडे, आयुक्ताकडे, मंत्रालयावर. आणि त्या मोर्च्यात निवासी डॉक्टर, नर्स, कंत्राटी सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय यांना बोलवा. त्यांचीही माणसं कमी आहेत, त्यांचेही पगार अडकलेत. आलं तर दोघांचं भलं.

पाच. आपले डॉक्टर झालेले भाऊ-बहिणी. त्यांना हात जोडून आणि कान धरूनही सांगतो. राखीव जागा वस्तीच्या आंदोलनाने मिळाली, ती वस्तीची पुंजी आहे. पाटीवरचं आडनाव बदलून कॉलनीत लपू नका. महिन्यातून एक रविवार या. गोळ्या वाटायला नका येऊ, रिपोर्ट समजावून सांगायला या. आपली भाषा बोलणारा एक डॉक्टर समोर बसला की आपली माणसं बोलायला लागतात. आणि डॉक्टरकडून लुबाडलेला माणूस चिडून अंगारे-धुपारेवाल्या बाबाकडे वळतो ना, ते तिथंच थांबतं.

हे स्वप्नरंजन नाही. छत्तीसगडात दल्ली राजहराच्या लोखंडाच्या खाणीतले कंत्राटी मजूर, आदिवासी, दलित. १९७७ च्या जूनमध्ये गोळीबारात त्यांचे अकराजण मारले गेले. शंकर गुहा नियोगींच्या संघटनेतल्या या मजुरांनी ठरवलं, आपल्या बाया बाळंतपणात मरणार नाहीत. स्वतः वर्गणी काढली, स्वतः विटा रचल्या आणि ३ जून १९८३ ला शहीद हॉस्पिटल उभं केलं. डॉक्टर बाहेरून आले, पण हॉस्पिटल मजुरांचं. आरोग्य कार्यकर्ते खाणीतलेच. तिथं डॉक्टर हिशोब देत होता, कारण मालक समोरच्या बाकावर बसलेला होता, अंगावर लाल माती घेऊन.

आपल्याला सगळ्यांना हॉस्पिटल बांधता येणार नाही. पण जी हॉस्पिटलं आपल्या घामाच्या टॅक्सवर उभी आहेत तिथं मालकासारखं उभं राहता येईल. मालक कॉलर धरत नाही, मालक वही उघडतो. काठेवाडच्या मास्तरने बायको गेल्यावर पत्र लिहिलं. त्याच्या हातात फक्त ते होतं. ते पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवलं, म्हणून त्या डॉक्टरचा गुन्हा आज जवळपास शंभर वर्षांनी आपण इथं वाचतोय. तुमच्या हातात कायदा आहे, संघटना आहे, लेखणी आहे. येत्या रविवारपर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतल्या चौघांची नावं द्यायची आणि जवळच्या दवाखान्यात पहिला माहितीचा अर्ज टाकायचा. पुढच्या बैठकीत मी भाषण करणार नाही, पोचपावत्या बघणार आहे.

जय भीम!